डबल बेल

आत्या बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी गल्लीत सगळे तिला कंडक्टरबाईच म्हणत, आणि तीही दुकानाच्या रांगेत "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणत लोकांना हलवत असे. सगळा जन्म चाकांवर गेला, पण स्टिअरिंगला तिने कधी हात लावला नव्हता. गाडी चालवणं ड्रायव्हरचं काम आणि गाडी नेणं कंडक्टरचं, असं तिचं स्वच्छ मत होतं. एका बेलला गाडी थांबते, डबल बेलला निघते. बेलची दोरी आपल्या हातात आहे तोवर पुढे कोण बसलंय याची तिला फारशी फिकीर नसायची.

घरात ती आणि तिची भाची, दोघीच. भावजय गेली तेव्हा पोर जेमतेम बोलायला लागली होती आणि भावाची नोकरी बोटीवर, म्हणून आत्यानेच तिला पदरात घेतलं. चणीने इवलीशी आणि घरात कधी रिकाम्या हाताने न फिरणारी, म्हणून आत्या तिला मुंगी म्हणायची. मुंगी शिकून नर्स झाली आणि तिला नोकरी लागली ती डोंगरापलीकडच्या दवाखान्यात. तिथल्या वाड्यावस्त्यांवर जाऊन अंथरुणाला खिळलेली माणसं बघायची, राहायचंही तिकडेच. अट एकच होती, रुजू होताना दुचाकीचं लायसन्स हवं, कारण त्या बाजूला बस जात नव्हती.

"जिथे बस जात नाही तिथे माणसं राहतात तरी कशाला?" आत्या म्हणाली.

"म्हणूनच आजारी पडत असतील," मुंगी म्हणाली.

गाडी शेजारच्या गॅरेजवाल्याने शोधून दिली. लहानखुरी, काळी, गोल दिव्याची. पुढे काच नाही, बाजूला प्लास्टिक नाही, इंजिनपासून सायलेन्सरपर्यंत सगळा संसार चव्हाट्यावर.

"हिला नेकेड बाइक म्हणतात, बाई," गॅरेजवाला म्हणाला.

"उघडी म्हणा की मग. इंग्रजीत सांगून आणखी कशाला लाजवता तिला?"

"पण शिकायला हिच्यासारखी गाडी नाही. वजनाला हलकी, सीट खाली, आपल्या मुंगीचे दोन्ही पाय टेकतात. अगदी गरीब गाय आहे."

आत्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मागची सीट हाताने दाबून पाहिली आणि आपली सोय होण्यासारखी आहे अशी खात्री झाल्यावरच मान डोलावली.

क्लच, गिअर, ब्रेक एवढं गॅरेजवाल्याने शिकवलं आणि तो आपल्या कामाला लागला. पुढची शिकवणी आत्याने ताब्यात घेतली. गोदामामागच्या मोकळ्या आवारात रोज सकाळी मुंगी पुढे आणि आत्या मागे, दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. कंडक्टरशिवाय गाडी हलवायची नाही हा पहिला नियम. मुंगीच्या डाव्या खांद्यावर दोन टपल्या पडल्या की निघायचं, एक पडली की थांबायचं. मधल्या वेळात आत्या खांबाखांबाला स्टॉपची नावं देत होती, वळणं सांगत होती आणि इंडिकेटर बंद करायला विसरलं की दंडाला चिमटा काढत होती.

मुंगी सुरुवातीला घाबरायची. पण मागे आत्याचं ते भरभक्कम वजन आलं की गाडी जमिनीला धरून चालायची, आणि खांद्यावर टप-टप झालं की हात आपोआप क्लच सोडायचा. हळूहळू ती खांबांमधून आठचा आकडा काढायला लागली. पाय न टेकता, न अडखळता. आत्या गल्लीभर सांगत सुटली की माझी मुंगी पहिल्या फटक्यात पास होणार.

हे सांगताना तिचा ऊर भरून यायचा. घरी येऊन मुंगीच्या कपाटासमोर उभी राहिली की मात्र घडी घातलेले कपडे ती उगाच पुन्हा उलगडून घडी घालत बसायची. पोर पास होणार म्हणजे पोर जाणार, हे तिला समजत नव्हतं असं नाही.

परीक्षेच्या दिवशी गॅरेजवाल्याने गाडी मैदानावर नेऊन दिली. सोबतच्या माणसांना जाळीच्या बाहेर उभं केलं होतं. आत्या जाळीत बोटं अडकवून, डोळे लावून उभी राहिली. मुंगीचा नंबर आला. तिने गाडी रेषेवर आणली, गिअर टाकला, आरसा नीट केला. सगळं कसं शिस्तीत.

"हं, निघा," परीक्षा घेणारे साहेब म्हणाले.

मुंगी निघाली नाही.

"अहो बाई, निघा."

मुंगी समोर बघत बसून राहिली. क्लच दाबलेला, मान ताठ. मागे रांगेत कुणीतरी हॉर्न वाजवला, ती दचकली, हातातून क्लच सुटला आणि मागे वजन नसलेली ती हलकी गाडी टुणकन पुढे उडाली. मुंगीचा पाय टेकला, पहिलाच खांब आडवा झाला आणि इंजिन बंद पडलं. साहेबांनी फुली मारली आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

गाडी गॅरेजवाला घेऊन गेला. दोघी बसने परतल्या. आत्याने खिडकीची जागा मुंगीला दिली.

"घाबरलीस का गं?"

"नाही."

"मग बसून काय राहिलीस पुतळ्यासारखी?"

पुढच्या स्टॉपवर माणसं चढली, कंडक्टरने टण-टण डबल बेल मारली आणि बस निघाली. त्याच क्षणी मुंगीच्या मांडीवरच्या डाव्या हाताची मूठ हळूच उघडली. तिने हाताकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"हे राहिलं होतं, आत्या. मी तुझ्या बेलची वाट बघत होते."

आत्याला आधी हसू फुटलं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघेपर्यंत ती हसत होती. मग हसू विरलं. आपण पोरीला निघायला शिकवायला बसलो आणि आपल्याशिवाय निघायचं नाही हेच नेमकं शिकवलं की. त्याहून वाईट म्हणजे मैदानावर खांब आडवा झाला तेव्हा, अगदी निमिषभर, तिला बरं वाटलं होतं. अजून एक आठवडा मिळाला असं मनात आलं होतं. त्या विचाराची तिला आता भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी आवारात मुंगीने गाडी उभी केली आणि आत्या बसायची वाट बघत मागे पाहिलं. आत्याने हेल्मेट काढून काखेत धरलं.

"आज मी खाली."

"अगं पण कंडक्टरशिवाय..."

"नियम कुणी केला होता? मीच ना? मग मीच मोडते."

मुंगीने जरा भीत-भीतच क्लच सोडला. गाडीने दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती निम्म्या आवारापर्यंत पोचली आणि तिथून ओरडली, "तू नसलीस की ही उडतेच!"

"म्हणजे मी जाडी आहे, असंच ना?"

"तसंच समज."

आत्या भिंतीच्या कडेला उलट्या बादलीवर बसून राहिली. हात सारखे शिवशिवत होते, म्हणून तिने ते मांडीखाली दाबून धरले. थोड्या वेळाने तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. निघण्याआधी मुंगी डाव्या हाताने पेट्रोलच्या टाकीवर स्वतःच दोन टपल्या मारत होती आणि मग क्लचला हात घालत होती. आत्याने तिला टोकलं नाही. तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

पुढच्या आठवड्यात साहेब "निघा" म्हणाले तेव्हा टाकीवर टप-टप झालं आणि मुंगी निघाली. आठचा आकडा काढून, चढ चढून, पाय न टेकता परत आली. साहेबांनी विचारलं, "टाकीवर काय मारलंत?"

"बेल," मुंगी म्हणाली. साहेबांनी पुढचा नंबर पुकारला.

जायच्या दिवशी आत्याने डबा भरला, पाण्याची बाटली भरली, आणि मागच्या सीटवर, जिथे इतके दिवस ती स्वतः बसली होती तिथे, मुंगीची बॅग दोरीने आवळून बांधली. गाठ सुटणार नाही ना म्हणून पुन्हा ओढून पाहिली. मग आणखी एकदा.

"पोचलीस की फोन कर."

"करते."

"आणि इंडिकेटर."

"बंद करते, आत्या."

मुंगीने हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली, गिअर टाकला. पण निघाली नाही. दोन्ही हात मुठींवर होते आणि टाकीवर टपल्या काही पडल्या नव्हत्या. आत्या म्हणणार होती, अगं आता कशाची वाट बघतेस. मग तिला कळलं.

ती पुढे आली आणि मुंगीच्या डाव्या खांद्यावर एक टपली मारली.

हात तिथेच थांबला. एक म्हणजे थांब. मुंगी थांबून होती, ब्रेकवर पाय, नियमाप्रमाणे. आरशात तिचे डोळे दिसत होते आणि ते भरलेले होते. दुसरी टपली न देता हात खाली घेतला असता तर ती खरंच उतरली असती, बॅग सोडली असती, हे आत्याला त्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. तिला ते हवंहवंसं वाटलं. खूप हवंसं वाटलं.

"स्टॉपवर गाडी फार वेळ उभी करायची नसते," ती म्हणाली आणि तिने दुसरी टपली दिली.

मुंगीचा डावा हात हळूच उघडला आणि गाडी एकही उडी न मारता निघाली.