बिनकानाचा कप

विकणाऱ्याच्या घरी पाऊल ठेवायचे नाही, हा लुजैनचा पहिला नियम होता. तो तिला एका फरशीने शिकवला होता. दोन वर्षांपूर्वी अकबाच्या कुणा अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवून तिने एक लेन्स मागवली, आणि चार दिवसांनी आलेल्या खोक्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली न्हाणीघराची फरशी निघाली. त्यानंतर तिने बाकीचे नियमही ठरवले. दिवसाउजेडी आणि चारचौघांत भेटायचे. आपला कॅमेरा सोबत न्यायचा आणि लेन्स त्यावर लावून पाहायची. छोट्या टॉर्चचा उजेड भिंगातून आरपार सोडायचा. आणि हे सारे होईपर्यंत किमतीचा विषय काढायचा नाही.

आज मंगळवार होता आणि ती सल्त गावातल्या एका चढावर, पिवळ्या दगडी घरांच्या मधून वर जाणाऱ्या पायऱ्या मोजत होती. म्हणजे पहिला नियम मोडलाच होता.

मोडण्याला कारण होते. गुरुवारी एक लग्न होते. बायकांच्या सभागृहात पुरुष छायाचित्रकाराला प्रवेश नसतो आणि दारावरच सगळ्यांचे फोन काढून घेतले जातात, त्यामुळे आत जे काही टिपले जाईल ते एकट्या लुजैनच्या कॅमेऱ्यात. नवरीच्या आईने तीन वेळा बजावले होते, की फ्लॅश नको, पाहुण्यांना आवडत नाही. फ्लॅशशिवाय त्या मंद उजेडात काम करणारी तिची पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स गेल्या आठवड्यात दुसऱ्याच एका सभागृहाच्या संगमरवरी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती. इंटरनेटवरच्या जाहिरातींत तिच्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या दोनच निघाल्या, आणि त्यांपैकी सल्तच्या जाहिरातीत लिहिले होते: ‘तीन वर्षे पेटीत बंद. हातही लावलेला नाही.’

“मी खाली उतरलो तर मला वर कोण आणणार, बेटी?” विकणारे अबू कुतैबा फोनवर म्हणाले होते. “गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं. सत्त्याहत्तर पायऱ्या आहेत. तूच ये, घर तुझंच आहे.”

सुरक्षिततेसाठी तिने मामांना सोबत घेतले होते. मामा, म्हणजे मार्कामधल्या त्यांच्या सगळ्या गल्लीचे अबू फवाझ, लष्करातल्या कारकुनीतून निवृत्त झालेले. कुणाच्या मुलीला मागणी घालायची असो की दोन घरांतले भांडण मिटवायचे असो, वडीलधाऱ्यांचे जे शिष्टमंडळ निघे त्यात पुढची खुर्ची त्यांची ठरलेली. त्यांच्या या लौकिकाचा लुजैनला आधार वाटला होता.

“मामा, आत गेल्यावर किमतीचं काही बोलायचं नाही,” ती चढता चढता म्हणाली. “मी लेन्स बघेपर्यंत एक अक्षर नाही.”

“अगं, मी काय दलाल आहे?” मामा छातीवर हात ठेवून थांबले. “सोबतीला आलोय. भिंतीसारखा बसून राहीन.”

“भिंती बोलत नाहीत.”

“आणि भाच्या इतक्या पायऱ्या चढायला लावत नाहीत. चल.”

बैठकीच्या खोलीत तिन्ही भिंतींना लागून गाद्यांच्या बैठका होत्या. अबू कुतैबा एका पायाखाली तक्क्या घेऊन बसले होते. उठता येत नाही याची त्यांनी इतक्या वेळा क्षमा मागितली की मामांना त्यांना खांद्याने दाबून खाली बसवावे लागले. लेन्सची पेटी त्यांच्या मागच्या कपाटावर होती. लुजैनला ती दिसत होती, पण तिथवर पोचायचे तर यजमानांचा पाय ओलांडून जावे लागले असते. कपाटाशेजारी एका तरुणाचा फोटो होता. गळ्यात कॅमेरा, ओठांवर अर्धे हसू.

“माझा मुलगा, कुतैबा,” अबू कुतैबा म्हणाले. “दोहामध्ये आहे. हौस होती फोटोंची. नोकरी लागली नि हौस इथंच राहिली.”

मग चौकशा सुरू झाल्या. कुठले, कुणाचे, कुठल्या तुकडीत होतात. लुजैन मनातल्या मनात प्रार्थना करत होती की ओळख निघू नये. अनोळखी माणसाच्या वस्तूत खोट काढता येते, पण ओळखीच्या माणसाची वस्तू उजेडासमोर धरली की त्याचाच चेहरा उजेडात धरल्यासारखे होते. विसाव्या मिनिटाला ओळख निघाली. अबू कुतैबांचा चुलतभाऊ मामांच्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षे बसत होता.

“हानी? तो हानी तुमचा?” मामांनी मांडीवर थाप मारली. “माझे तीन पेन आहेत त्याच्याकडे अजून!”

“आमचं कुदळ-फावडं आहे,” अबू कुतैबा म्हणाले, आणि दोघे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“जेवूनच जायचंय,” आतून त्यांच्या पत्नीचा, उम्म कुतैबांचा आवाज आला. “तांदूळ टाकलेत मी.”

लुजैनने घड्याळाकडे पाहिले. खिडकीतला उजेड समोरच्या डोंगरावर सरकू लागला होता. “काका,” ती शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाली, “लेन्स जरा बघू का?”

“बघ की, बेटी. तुझीच आहे. आधी कॉफी तर होऊ दे.”

उम्म कुतैबा कॉफी घेऊन आल्या. वेलदोड्याच्या वासाची, बिनसाखरेची, बिनकानाच्या इवल्या कपांत. त्यांनी पहिला कप मामांना दिला आणि दुसरा लुजैनपुढे ठेवला. मामांनी कप घेतला, क्षणभर हातात तोलला, आणि मग, ज्या सावकाशीने त्यांनी आजवर पंधरा-वीस घरांत तो ठेवला असेल त्याच सावकाशीने, ओठांना न लावता समोर ठेवून दिला.

मामांच्या गुडघ्याला लुजैनने आपला गुडघा लावला. भिंत हलली नाही.

“अबू कुतैबा,” मामा घसा साफ करून म्हणाले, “आमची एक मागणी आहे. ती मान्य झाल्याशिवाय ही कॉफी आम्ही पिणार नाही.”

खोलीतली हवा बदलली. अबू कुतैबांनी पाठ ताठ केली. भरलेला कप घरात तसाच राहणे ही यजमानाची मान खाली घालायला लावणारी गोष्ट, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मामांनाही.

“बोला, अबू फवाझ.”

“लेन्सचे तुम्ही दोनशे वीस दिनार लिहिलेत. पोरगी एकटीच्या कष्टावर उभी आहे. एकशे ऐंशी करा.”

उम्म कुतैबांच्या हातातले तबक किणकिणले. अबू कुतैबांनी मुलाच्या फोटोकडे पाहिले, मग स्वतःच्या बांधलेल्या गुडघ्याकडे. “कॉफी घ्या,” ते म्हणाले. “तुमचं काम झालं.”

मामांनी एका घोटात कप रिकामा केला आणि भाचीकडे असे पाहिले, जणू तिच्या पदरात चंद्र टाकला होता.

सगळे संपले होते. मागणी घातली होती, ती मान्य झाली होती, वर कॉफीची मोहर बसली होती. आता ‘नको’ म्हणणे म्हणजे मागितलेल्या मुलीला मांडवातून परत पाठवण्यासारखे. आणि तिने लेन्स अजून हातातही घेतली नव्हती. जो माणूस तिने संरक्षणासाठी आणला होता, त्यानेच दाराला बाहेरून कडी घातली होती.

उम्म कुतैबांनी पेटी काढून तिच्या मांडीवर ठेवली. आत मखमल, मखमलीत लेन्स. बाहेरून खरोखरच कोरी, एक ओरखडा नाही. लुजैनने पाठीमागचे झाकण काढले, उजेड आत सोडणारी पाती पूर्ण उघडली, पिशवीतून टॉर्च काढली.

“हे कशाला गं?” मामा कुजबुजले. “विश्वास नाही का घरावर?”

“सवय आहे,” ती म्हणाली.

सरळ पाहिले तेव्हा भिंग स्वच्छ दिसले. तिने टॉर्च तिरकी केली, आणि आतल्या काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत पांढरे बारीक धागे उजळले. हिवाळ्यात खिडकीवर दहिवर धरते तसे, पण दहिवर पुसता येते. ही बुरशी होती. गुरुवारी नवरीच्या आसनामागे दिव्यांची भिंत असणार, आणि त्या दिव्यांसमोर या भिंगातून नवरीचा चेहरा दुधात बुडाल्यासारखा येणार. तिने लेन्स कॅमेऱ्यावर लावून खिडकीकडे रोखली. पडद्यावर समोरचा डोंगर धुक्यात होता. खिडकीबाहेर धुके नव्हते.

“झकास आहे ना?” अबू कुतैबांनी विचारले. त्यांच्या आवाजात कसलाही आडपडदा नव्हता, आणि हेच तिला सर्वांत जड गेले. फरशी पाठवणाऱ्याला चोर म्हणता आले असते. या माणसाला बुरशी दाखवायची म्हणजे त्याच्याच घरात, त्याच्या बायकोसमोर, त्याने मागणी मान्य केल्यावर त्याला खोटे ठरवायचे. न दाखवता पैसे द्यायचे म्हणजे गुरुवार बुडाला, आणि दुसरी लेन्स घ्यायला हातात काही उरणार नाही.

पाकीट काढण्यासाठी तिने हात पिशवीत घातला. मामा मान डोलावत होते. तेवढ्यात उम्म कुतैबा म्हणाल्या, “अगं, तुझी कॉफी तशीच की. गार झाली.”

लुजैनने खाली पाहिले. तिचा कप भरलेला होता.

हात पिशवीतून बाहेर आला. अशा बैठकींत ज्येष्ठाचा कप बोलतो. सत्तावीस वर्षांच्या अविवाहित मुलीच्या कपाला आवाज असतो की नाही, हे तिला माहीत नव्हते. तिने तो बोटाने जरासा पुढे सरकवला.

“काका, माझीही एक मागणी आहे. मी अजून प्यायले नाही.”

“लुजैन!” मामांचा चेहरा तांबडा झाला. “माझं झालंय मागून. एका दारात दोनदा हात पसरतात का?”

“ते तुमचं झालं, मामा.”

“पोरीबाळींच्या कपाला कधीपासून…”

“कॉफी मी केली आहे, अबू फवाझ,” उम्म कुतैबा दारातून म्हणाल्या. “तिच्यापुढे कप मी ठेवलाय. माझ्या घरातला कप आहे तो. घशाखाली उतरेपर्यंत तुमच्याइतकाच मोठा.”

अबू कुतैबांनी बायकोकडे पाहिले, मग लुजैनकडे. “माग, बेटी.”

“ही टॉर्च धरा आणि लेन्समध्ये एकदा तुम्ही स्वतः बघा. अशी, तिरकी. मग मला ती द्यायची की नाही, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते मला मान्य.”

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिले, लेन्स फिरवून पुन्हा पाहिले. मामांनी आपल्या रिकाम्या कपात डोकावून पाहिले, जणू तिथे काही सापडेल.

“हे जाळं कसलं?”

“बुरशी, काका. ओलीनं धरते.”

“पण पेटीतच होती गं. तो दोहाला गेल्यापासून मी कुणाला हात लावू दिला नाही. त्याच्या आईलासुद्धा नाही.”

“म्हणूनच धरली,” ती हळूच म्हणाली. “उजेड, वारा लागला असता तर…”

“मी म्हणत नव्हते?” उम्म कुतैबा म्हणाल्या. “ते कपाट त्या ओल्या भिंतीला लावू नका म्हणून? तुम्ही म्हणालात, कुतैबाच्या वस्तू आहेत तिथंच राहतील.” पण शेवटचे शब्द येईस्तोवर त्यांच्या स्वरातली धार गेली होती.

अबू कुतैबांनी टॉर्च विझवली. ती विझवायला त्यांना तीनदा बटण दाबावे लागले. लुजैनला वाटले, आता सुटले.

“तुला ही मी विकू शकत नाही,” ते म्हणाले. “तेव्हा अशीच घेऊन जा.”

“काका, नको—”

“मी म्हणेन ते मान्य, असं तूच म्हणालीस. पाहुणा माझ्या दारातून रिकाम्या हातानं उतरलेला नाही. कॉफी घे.”

तिने कप उचलला. थंड कॉफी जिभेवर राखेसारखी कडू लागली, आणि ती तळापर्यंत प्यावी लागली. मग जेवावेही लागले. दह्यातले मटण मामांनी दोनदा वाढून घेतले.

त्या पायऱ्या उतरताना तिने लेन्सची पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मामांच्या हाती दिली. बुरशी पसरते, ती तिला आपल्या कॅमेऱ्याच्या शेजारी नको होती. पुढच्या आठवड्यात मिठाई घेऊन पुन्हा वर चढावे लागणार होते, हे तिने मनात लिहून ठेवले. फुकटच्या वस्तूचे तेवढे देणे लागतेच.

“बघितलंस?” मामा खुशीत होते. “दोनशे वीसवरून शून्य! एका बैठकीत! अशी मागणी आपल्या खानदानात कुणी केली नसेल.”

“मामा, माझ्याकडे अजून लेन्स नाही.”

“ही काय मग?” त्यांनी पिशवी हलवली. आत पेटी खडखडली. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. “पुसून नाही का जायची?”

“नाही.”

गाडीत बसल्यावर तिने फोन काढला. यादीतली दुसरी लेन्स झरकात होती, एका शाळामास्तरणीची. लुजैनने तिला लिहिले: ‘उद्या दुपारी चार. मॉलच्या दाराशी, बाहेर उजेडात. कॅमेरा घेऊन येते.’ मिनिटभरात उत्तर आले: ‘ऊन फार असतं. घर जवळच आहे. घरीच या, चहा-कॉफी होईल.’

लुजैनने डोळे मिटले. मामा मान लांब करून वाचत होते.

“जायला हवं,” ते म्हणाले. “बाई बोलावतेय, नाही कसं म्हणायचं? मी येतो सोबतीला.”

लुजैन लिहू लागली. ‘कॉफी माझ्याकडून. मॉलच्या दाराशी गाडा आहे. उभ्यानेच घेऊ.’

“गाड्यावर?” मामांना मनापासून वाईट वाटले. “तो कागदाच्या पेल्यात देतो गं. हातात नुसता धरून उभं राहायचं. ठेवायचा कुठं?”

“कुठंच नाही,” लुजैन म्हणाली, आणि तिने निरोप पाठवून दिला.