साडेपाच बोटांचा चंद्र

मित्रांनो, मी एक जुनी डागणी आहे. वासराच्या मांडीवर तांड्याची खूण उमटवणारी लोखंडी कांब. माझ्या टोकाला अर्धचंद्र आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर तीन बोटं. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या इस्माईल लोहाराने मला घडवले आणि घाईने पाण्यात बुडवले, तेव्हा चंद्राच्या उजव्या टोकाचा टवका उडाला. त्याने कपाळावर हात मारला. मला मात्र तो टवका पुढे फार कामी आला.

वासरू दोन महिन्यांचे झाले की मिराबाई त्याचे डोके मांडीत धरी. तिचा मुलगा नेमसिंग मला तापवून क्षणभर टेकवी, मग लगेच हळद आणि तेल लावी. तांड्यात डागणी एकच. मला जपून, तेल लावून ठेवत.

१९४३ साली संतराम पाटलाला नेमसिंगचा तांबडा बैल आवडला. आपल्या गोठ्यात किती जनावरे आहेत हे या पाटलाला गड्यांना विचारावे लागे. पण बाजारात त्याने छाती ठोकून सांगितले, बैल माझा, मागच्या दसऱ्याला चोरला, डाग नंतर दिला. निजामाच्या पोलीस ठाण्यातल्या अमीनसाहेबांनी बैल पाहिला नाही, मलाही नाही. पाटलाचा फेटा पाहिला आणि नेमसिंगला पकडण्याचे वॉरंट काढले.

“पैनगंगा उतरून वऱ्हाडात जा,” चुलतभाऊ लखमा म्हणाला. “तिथं निजामाच्या कागदाला कोन पुसतंय?”

“जा की,” मिराबाई म्हणाली. “बैल बी ने, अन् चोर हे नाव बी संगं ने.”

“मंग काय करू, याडी?” नेमसिंगने आईला विचारले.

“बोलावून राहिले नं? जाऊ.”

वॉरंट उर्दूत होते. इस्माईलने ते वाचून दाखवले, मग बैलाकडे बघत राहिला. त्याने कडब्याची काडी घेतली, माझ्या चंद्राएवढी मोडली आणि बैलाच्या डागावर धरली. काडी तोकडी पडली. डाग साडेपाच बोटं भरला.

“वासरू वाढलं, कातडं वाढलं, चंद बी वाढला,” तो म्हणाला. “बैल घेऊनच हाजीर हो, नेमसिंग. मी येतो.”

हिंगोलीच्या अदालतीच्या अंगणात नेमसिंग बैल आणि मला घेऊन आपण होऊन उभा राहिला. शिपायाने तरीही त्याच्या हाताला दोरी बांधली. बैलाला कुणी बांधले नाही. तो नेमसिंगच्या मागे उभा होता.

“चोरीला गेला तेव्हा बैल केवढा होता?” मुन्सिफसाहेबांनी पाटलाला विचारले.

“पुरता वाढलेला, हुजूर. अन् अंगावर डाग नव्हता.”

साहेबांनी अंगणात उतरून स्वतः काडी धरली, आधी माझ्यावर, मग डागावर; पाटील पायरीवरच थांबला. वाढलेल्या बैलावर मला टेकवले असते, तर डाग तीनच बोटांचा पडला असता.

“दुसरी मोठी डागणी असंल!” पाटील ओरडला. “या लोकांचा काय भरवसा?”

“टवका माझ्या हातचा हाय, पाटील,” इस्माईल म्हणाला. “डागात बी तेच टोक तुटकं हाय. बघा की.”

पाटलाने पुढे होऊन बैलाची डावी मांडी पाहिली. डाग उजवीवर होता.

“तुमचा बैल नं, पाटील?” मिराबाई म्हणाली. शिपायांनाही हसू आवरेना.

वॉरंट रद्द झाले. दोरी सुटली. पाटलाला कुणी एक शब्द विचारला नाही. तो फेटा सावरत गेला. नेमसिंग बैल घेऊन तांड्याकडे निघाला. मला मात्र कारकुनाने चिठ्ठी बांधून पुराव्याच्या सामानात टाकले. नेमसिंगने दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा त्याला उद्या यायला सांगितले.

आता १९४८ सरत आले आहे. निजामाचे राज्य गेले, माझी चिठ्ठी गेली नाही. टवक्यापाशी गंज चढला आहे. मित्रांनो, इथे कधी आलात तर मला थोडे तेल लावा आणि तांड्यावर पोहोचवा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी एक काडी मोडून मोजून घ्या. ती संतराम पाटलाच्या कडब्याच्या गंजीतही होती. ती उचलायला तो वाकला नाही, एवढेच.