बायडीच्या पाचवीचं लुगडं

“आये, हात पदराखाली घे,” तुळशी हळूच म्हणाली.

“काहा? हातांना काय झालाय?”

“फोटो काढतात.”

गोजाबाईनं हात पदराखाली घेतले. कोपरापर्यंत गोंदलेले, नखं मुळापासून कापलेले हात. करवंदपाड्यातली अर्धी माणसं या जगात आली ती याच हातांवर. पण जव्हारच्या त्या हॉलमध्ये, पांढरं कापड चढवलेल्या खुर्चीवर, ते लेकीला बरे दिसेनात.

स्टेजवर फलक होता : ‘युवा नेतृत्व व सेवा सन्मान’. देणारे मुंबईच्या एका प्रतिष्ठानाचे लोक. ते आमच्याकडे वर्षातून एकदा येतात आणि थंडीत येतात. पावसाळ्यात येत नाहीत. पावसाळ्यात सेवेला फार चिखल लागतो.

तुळशी अठ्ठावीस वर्षांची, उपकेंद्रातली आरोग्यसेविका. तिच्या हद्दीत वर्षभरात एकही बाळंतपण घरी झालं नाही, म्हणून सन्मान. आई सोबत यावी म्हणून ती आठ दिवस मागे लागली होती. सकाळी तिनं पेटीतून कोरं हिरवं लुगडं काढलं.

“हे नेस. खोडाळ्याच्या बाजारातून आणलंय.”

गोजाबाईनं लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि घडी परत ठेवली. मग तिनं स्वतःचं जुनं, विटलेलं नेसलं. “हा सुकऱ्याच्या पाचवीचा. माना हाच बरा.”

गोजाबाईनं आयुष्यात लुगडं विकत घेतलं नव्हतं. पोर जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सुईण पोराला पाचवीपुढं ठेवणार, मग घरचे सुईणीला लुगडं नेसवणार. तिच्या पत्र्याच्या पेटीतल्या प्रत्येक लुगड्याला एका पोराचं नाव होतं. शेवटचं सुकऱ्याचं. तो आता दुसरीत आहे. त्यानंतर दवाखान्याची गाडी येऊ लागली, बाया केंद्रात जाऊ लागल्या, आणि पेटीत नवं नाव पडलं नाही.

याबद्दल गोजाबाईनं कधी कुरकुर केली नाही. तिची सख्खी बहीण बाळंतपणात तिच्याच हातात गेली होती, रक्त थांबेना म्हणून. महिना उलटायच्या आत तिनं तुळशीला आश्रमशाळेत धाडलं. “जा, माना येत नाय ता शीक,” म्हणाली.

स्टेजवर तुळशीचं नाव पुकारलं. निवेदक मोठ्या आवाजाचा होता. “जिथं अडाणी सुइणींच्या हातून माता मरत होत्या, तिथं या लेकीनं एकटीच्या हिमतीवर शंभर टक्के प्रसूती दवाखान्यात घडवल्या!”

टाळ्या पडल्या. गोजाबाईला त्यातले दोनच शब्द नीट कळले, अडाणी आणि सुईण. सगळे वाजवतात म्हणून तिनंही टाळ्या वाजवल्या. हात पदराबाहेर आले.

तुळशीनं ते वरून पाहिलं. कुणीतरी माईक पुढं केला, “ताई, दोन शब्द.”

“सगळ्यांचे आभार,” ती म्हणाली. दोन शब्द मागितले होते, तिनं दोनच दिले.

परतीच्या जीपमध्ये मायलेकी दाराशी दाटून बसल्या. तुळशीच्या मांडीवर काचेच्या डब्यातली ट्रॉफी. मोखाड्याच्या बाजूचे डोंगर वाळून पिवळे पडले होते. शेजारचा पुंजा ट्रॉफीकडं बघून म्हणाला, “तुळशीबाय, यात मासं सोडशील का?”

जीपभर हसले. गोजाबाईही हसली. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, “तुळशे, शंभर टक्के म्हंजे किती?”

“सगळी, आये.”

“मंग माझा पोऱ्या कठं गेला?”

तुळशीनं ट्रॉफी मांडीवर उलटी केली.

श्रावणातली गोष्ट. मंगळूची बायको बायडी दोन दिवस अडली होती. ओढा चढलेला, गाडी पलीकडंच थांबली. झोळी करून चौघांनी तिला उचललं. तुळशी पुढं चालत होती. “आये, तू येऊ नको, नाव खराब होईल,” असं तिनं बजावलं होतं. तरी गोजाबाई डोक्यावर इरलं घेऊन मागून येतच राहिली. मोहाच्या झाडाखाली झोळी टेकवावी लागली. पोराचा पाय आधी आला.

तुळशी शिकलेली होती. पण पायाळू पोर तिनं फक्त पुस्तकात पाहिलं होतं. तिचे हातमोजे घातलेले हात हवेत राहिले.

“सर,” आई म्हणाली. ती सरली.

गोजाबाईनं खेचलं नाही, घाई केली नाही. वाट पाहिली. बायडीच्या कानाशी वाकून म्हणाली, “आथा नको, माझे बाय. आथा नको... आथा!” पोर बाहेर आलं ते निळं. तिनं त्याला पालथं घेऊन पाठ चोळली, तोंडातलं पुसलं, फुंकर घातली. पोर रडलं तेव्हा मंगळूनं आपलं इरलं काढून त्याच्यावर धरलं.

दुपारी सगळे केंद्रात पोचले. तिथल्या साहेबांनी नोंदीचा भिजलेला कागद पाहिला. “आतच झाली असं लिही. एकासाठी शंभर टक्के जातील.” तुळशीनं लिहिलं. सही केली. खोटं बोलायला तिला कुणी बंदूक लावली नव्हती. सवय लावली होती.

पाचव्या दिवशी गोजाबाई पहाटेच न्हाली. डोक्याला तेल लावून उंबऱ्यावर बसली. बोलावणं येईल म्हणून जेवली नाही. पण मंगळूच्या घरात वेगळंच ठरलं. कागदावर बाळंतपण दवाखान्यातलं, मग सुईण बोलावली तर नर्सबाई अडचणीत येईल. म्हणून त्यांनी नर्सबाईलाच बोलावलं आणि हिरवं लुगडं दिलं. नाही कसं म्हणायचं, हे तुळशीला सुचलं नाही. दिवस कलेपर्यंत उंबऱ्यावर बसलेली आई तिनं जाताना पाहिली आणि येतानाही.

“तुला माहीत होतं?” जीपमधून उतरल्यावर तुळशीनं विचारलं. “लुगडं बायडीचं आहे ते?”

“आखा पाडा ओळखतो. मंगळूनं दोन दुकानं हिंडून आणलेला.” गोजाबाई पुढं चालू लागली. “लुगड्याचा काय नाय गं. पोऱ्याला मांडीवर नाय दिला माझ्या. बायडी दिसली का दुसऱ्या वाटंनं जाते. पोऱ्या रांगायला लागला म्हणं.”

घरी आल्यावर तुळशीनं ट्रॉफी कोनाड्यात ठेवली, परत काढली आणि चुलीमागं ठेवली. मग दारात, उजेडात बसून तिनं वहीचं पान फाडलं आणि साहेबांच्या नावे लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवलं.

“बायडी मंगळू हिची प्रसूती केंद्रात झाली नाही. ओढ्याच्या अलीकडे मोहाखाली झाली. बाळ पायाळू होते. प्रसूती सुईण गोजाबाई यांनी केली. मी फक्त हजर होते. केंद्रातली नोंद खोटी असून ती मी केली आहे. याची प्रत प्रतिष्ठानाला देत आहे.”

“नोकरी जाईल तुझी?”

“जाईल कदाचित.”

“पोऱ्याच्या कागदांना काय?”

“त्याला काही होणार नाही. चूक माझी आहे. तुझा अंगठा लागेल, साक्षीला.”

ओट्यावर कोंबड्या दाणे टिपत होत्या, त्यांना गोजाबाईनं हाकललं नाही. मग ती उठून मागं गेली. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, म्हणून तुळशी बघायला गेली.

आई हात धूत होती. साबण लावून, बोटांच्या बेचक्या, नखं, गोंदणावरून थेट कोपरापर्यंत. बाळंतिणीजवळ जाण्याआधी धुवायची, तसे. पदराला न पुसता, दोन्ही हात वर धरून ती आत आली आणि सुकेपर्यंत तशीच उभी राहिली.

मग तिनं तुळशीनं पुढं केलेल्या शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. नीट उमटलाय का ते वाकून पाहिलं.

“आथा दे तो लुगडा,” ती म्हणाली. “जाऊन येते बायडीकडं.”

तुळशीनं पेटीतून काढून दिलं. शाईचा अंगठा तेवढा कापडापासून लांब धरून गोजाबाई घडी उलगडू लागली.