काळ्या लाखेचं पत्र

मी एक कागद आहे, आणि सध्या हॉलंडमधल्या कापेल आन डेन आयसेल या गावातल्या एका फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर उघडा पडून बोलतोय. उघडं पडायची मला सवय नाही. गेली दोनशे वर्षं मी घडीत होतो. फार वेळ एका कुशीवर पडलं की माणसांच्या हातापायांना मुंग्या येतात म्हणे. माझ्या मुंग्याही केव्हाच निघून गेल्या. तेव्हा माझ्या बोलण्यात हुंदके शोधू नका, सापडायचे नाहीत.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. त्या काळी जुनी कापडं कुजवून, कुटून कागद करत. कुणाचे सदरे, कुणाच्या चादरी, देव जाणे. इंग्लंडातल्या एका गिरणीतून निघून मी जोसाया हॅलम नावाच्या तरुण मेथडिस्ट पाद्र्याच्या पेटीत गेलो आणि त्याच्याबरोबर जहाजानं हिंदुस्थानच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरलो. बरोबर त्याची बायको होती, ॲन.

मेथडिस्टांचा पंथ तेव्हा नवा होता. त्यांच्यात नुसतं देवळात जाऊन भागत नसे. दर आठवड्याला दहाबारा जणांनी गोल करून बसायचं आणि आपल्या मनाचं कसं चाललंय ते एकमेकांना खरंखरं सांगायचं. मन भरून आलं पाहिजे, डोळे वाहिले पाहिजेत, तर तो विश्वास खरा. जोसायाला हे छान जमायचं. माझ्या वरचे कागद एकेक करून त्याच्या आईकडे रवाना होत होते आणि प्रत्येकावर तो अगदी कडेपर्यंत लिहायचा. माझी पाळी आली तेव्हा ॲन तापानं जाऊन आठवडा झाला होता.

माझ्यावर त्यानं फार थोडं लिहिलं. मग त्यालाच ताप चढला, हात थरथरू लागला, म्हणून बाहेरचा पत्ता त्याच्या सोबतच्या वयस्क पाद्र्यानं घातला. पाकिटं तेव्हा नसायची. मलाच घडी घातली आणि वर काळी लाख ओतून बंद केलं. घरात मयत झालं की पत्राला काळी लाख, हा त्यांचा रिवाज.

घोटाळा झाला तो इथेच. कित्येक महिन्यांनी मी त्याच्या आईच्या हातात पडलो. तिनं परकं अक्षर पाहिलं, काळी लाख पाहिली आणि मुलगा गेला असं धरून चालली. तिनं मला फोडलंच नाही. माझ्या पोटात तिच्या मुलाचं स्वतःचं अक्षर होतं. तो आईकडे दोन ओळी मागत होता. मी आतून ओरडत होतो असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण कागद ओरडत नाही. तिनं मला ड्रॉवरमध्ये ठेवलं, पंथाच्या सभासदांना दर तिमाहीला मिळणाऱ्या छापील तिकिटांखाली, आणि गुरांना पाणी पाजायला गेली.

पुढे तो खरंच गेला. उत्तराची वाट पाहायलाही फार उरला नाही. पंथाच्या मासिकात चार ओळी आल्या की आपले बंधू हॅलम आनंदानं, देवाचं नाव घेत गेले. मासिकातले सगळेच आनंदानं जायचे. आईनं ते वाचलं आणि तिला वाटलं, माझ्यातही हेच असणार. मग तर मला फोडायचं काही कारणच उरलं नाही.

त्यानंतरचं माझं आयुष्य म्हणजे एका ड्रॉवरमधून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये जाणं. जोसायाच्या बहिणीच्या नातीनं रॉटरडॅमच्या एका जहाज कंपनीतल्या कारकुनाशी लग्न केलं आणि कागदांचा गठ्ठा घेऊन ती इकडे आली. बाकीची पत्रं हाताळून हाताळून घड्यांवर विरली होती. मला त्यांचा हेवा वाटायचा. पुढे तोही वाटेनासा झाला. माझ्याबद्दल घरात एक नियमच झाला होता: याला फोडायचं नाही. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. माणसं कारण विसरतात, नियम विसरत नाहीत.

त्या घराण्यातली शेवटची बाई म्हणजे विलेमीन. वय अठ्ठ्याऐंशी, पाठ ताठ. मूलबाळ नाही. बाकीचा गठ्ठा तिनं पंथाच्या संग्रहालयाला देऊन टाकला. मला तेवढं ठेवून घेतलं, कारण संग्रहालयवाले फोडतील. पण आता ती वृद्धाश्रमात एका खोलीत राहायला जाणार होती, मला कोणाच्या हवाली करावं ते तिला सुचेना, आणि जायला दोनच दिवस उरले होते. मला पर्समध्ये घालून ती शेजारच्या फ्लॅटमध्ये कॉफीला गेली.

शेजारी राहतात मंजूषा आणि अनिमेष, पुण्याहून नोकरीसाठी आलेले. कोणाचं पार्सल आलं आणि तो घरी नसला की शेजाऱ्यानं घेऊन ठेवायचं, या इथल्या पद्धतीवर त्यांची विलेमीनशी ओळख वाढली. विलेमीनच्या घरी कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं आणि डबा लगेच बंद होतो. इथे चिवडा, लाडू, वर "काहीच घेत नाही तुम्ही." विलेमीनला याची धास्ती वाटते, पण ती येते.

त्या दिवशी टेबलाशी आणखी एक बाई होत्या, अनिमेषची आई शर्मिलाबाई. त्यांचे यजमान फेब्रुवारीत वारले, आणि मुलानं त्यांना इकडे आणलं. त्या नीट जेवत, नीट बोलत, भाजी निवडत. फक्त रडल्या नव्हत्या, अजून एकदाही. पुण्यातल्या बायकांनी "रडून घ्या, मोकळ्या व्हा" म्हणून पाहिलं. इथल्या डॉक्टरनं रोज फिरायला जा म्हणून सांगितलं. त्या फिरायलाही जात होत्या.

विलेमीननं मला टेबलावर ठेवलं आणि डचमध्ये, तिला माहीत होती तेवढी हकीकत सांगितली.

"फोडायची गरजच नाही," अनिमेष लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला. "आता न उघडता स्कॅन करतात. टेक्नॉलॉजी आहे. मी मेल टाकतो कोणालातरी."

"परवा मूव्ह होतायत त्या," मंजूषा म्हणाली. "तुझ्या मेलला रिप्लाय येईपर्यंत काय करायचं?"

"मला कोणी सांगेल का काय चाललंय?" शर्मिलाबाई म्हणाल्या.

मंजूषानं मराठीत सांगितलं. काळी लाख, परकं अक्षर, दूरदेशी मेलेला मुलगा. शर्मिलाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हणजे मयताचं पत्र? आणि दोनशे वर्षं घरात ठेवलंय? अगं मंजू, असं पत्र दारातच वाचायचं आणि लगेच फाडून टाकायचं. आमच्याकडे तर घरात ठेवतसुद्धा नसत. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की सासूबाई उंबऱ्यातच उभ्या राहायच्या."

"आई, त्यांच्याकडे उलटी पद्धत आहे."

"मग त्यांना विचार, त्यांच्या पद्धतीनं काय मिळालं."

मंजूषानं जरा मऊ करून विचारलं. विलेमीननं कॉफीचा कप बाजूला केला. मग तिनं मला बोटानं शर्मिलाबाईंकडे सरकवलं.

"माझ्याच्यानं होणार नाही. माझ्या आईला मी शब्द दिलाय," ती म्हणाली. "यांच्याकडे याची रीत आहे ना? मग यांनी करावं. वाचावं आणि फाडावं. निदान कोणाच्या तरी रीतीनं संपेल."

म्हणजे माझा निकाल लागला होता. वाचला जाणार होतो आणि त्याच क्षणी संपणार होतो. मला काय वाटलं? काही नाही. दोन्ही ठीक होतं. फाटायचं असेल तर वाचलं जाऊन तरी फाटावं, इतकंच.

शर्मिलाबाईंनी सुरी लाखेखाली घातली. लाख वाळून ठिसूळ झाली होती, लगेच तुटली. मंजूषानं मला उलगडलं, उजेडाकडे धरलं आणि अडखळत वाचू लागली, एक वाक्य इंग्रजीत आणि तेच मराठीत.

"प्रिय आई, ॲन गेली. मी तिला स्वतः पुरलं. रविवारी मी उपदेश केला, ऐकणारे रडले. मला काहीच झालं नाही. पंथबंधूंच्या बैठकीत मी सांगतो की देव जवळ आहे, माझं मन भरून येतं. हे खोटं आहे. माझं मन लाकूड झालंय. मी जेवतो, झोपतो, लोकांना औषध देतो. हे पाप आहे का ते मला माहीत नाही, आणि इथे कोणाला विचारायची सोय नाही. तू माझ्या तीन भावंडांना पुरलंस. तुला रडू कधी आलं? की आलंच नाही? दोन ओळी लिही. तुझा जोसाया."

"जिवंत होता," विलेमीन म्हणाली. तिनं रुमाल काढला आणि तो हातातच ठेवला. "हे लिहिलं तेव्हा जिवंत होता तो. आणि आम्ही…"

अनिमेषनं लॅपटॉप मिटला होता. तो आईकडे बघत होता आणि ती आपल्याकडे बघेल की काय या भीतीनं मधूनच खिडकीकडे बघत होता.

शर्मिलाबाईंनी मला हातात घेतलं. दोन्ही हातांनी, वरच्या कडेला, फाडायला धरतात तसं. बोटं कोरडी होती आणि अजिबात थरथरत नव्हती. माझे धागे जुन्या कापडाचे, चिवट. पण माणसानं मनात आणलं तर काय टिकतं? मी वाट पाहिली. त्यांनी मला पुन्हा खाली ठेवलं.

"हे फाडायचं नाही," त्या म्हणाल्या.

"आई, पण तूच म्हणालीस ना…" अनिमेष म्हणाला.

"ते बातमीचं पत्र. हे बातमीचं नाही. यात त्यानं विचारलंय. उत्तर दिल्याशिवाय पत्र फाडत नाहीत." मग विलेमीनकडे वळून त्या सरळ मराठीतच म्हणाल्या, "हे माझ्याकडे राहू दे चार दिवस." विलेमीनला ते कसं कळलं कोण जाणे, पण तिनं मान हलवली आणि न मागता दुसरा लाडू घेतला.

विलेमीन ठरल्या दिवशी गेली. मी इथेच आहे. ज्यांनी मला जपलं त्यांच्यावर माझा राग नाही. रागावण्याइतकं काही माझ्यात उरलेलं नाही. एकच मागणं आहे. कोणाचं पत्र आलं तर फोडा. वाईट बातमी असेल या भीतीनं ठेवून देऊ नका. आत कोणीतरी जिवंत असू शकतं, आणि त्याला फक्त दोन ओळी हव्या असतात.

आज दुपारी घरात कोणी नसताना शर्मिलाबाईंनी प्रिंटरमधून एक कोरा कागद काढला. बिचारा फार पांढरा आहे, फार तरुण. तो माझ्या शेजारी ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि मुलाला लिहितात तसं वरती लिहिलं: "चि. जोसाया यास अनेक उत्तम आशीर्वाद." खाली एवढंच लिहिलं:

"तुझं पत्र मिळालं. पाप नाही. मलाही अजून आलेलं नाही. आलं की कळवते."