भाऱ्याचा सीन

लातूरच्या बसस्टँडवर चहाला थांबलं तरी आनंदराजला कुणी ना कुणी ओळखायचंच. कॉलेजातली पोरं लांबूनच दोन बोटांत शेंग फोडल्यासारखं करून दाखवायची आणि हसायची. तोही हसायचा. पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवला, हौशी नाटकांत कुठला ना कुठला सरदार केला, पण रस्त्यावर कुणी वळून बघितलं नव्हतं. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका सिनेमातल्या एका सीननं तो गावभर माहीत झाला होता.

सीन चार मिनिटांचा. शेतातून ओल्या चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन आलेली मजूर बाई, तापानं फणफणलेल्या लेकरासाठी दोन दिवसांची सुट्टी मागते. मालक ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत तिची विचारपूस करतो. माहेरची, नवऱ्याची, पाऊसपाण्याची. आवाज चढवत नाही. फक्त ‘भारा खाली ठेव’ एवढंच म्हणत नाही.

मुळात संहितेत मालक आरडाओरडा करणार होता. आनंदराजनंच दिग्दर्शक अमरेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ओरडत नसतात हो ते. लई गोड बोलतात.”

त्यानं ते पाहिलं होतं. हिमायतनगरजवळच्या त्यांच्या गावात, आठ वर्षांचा असताना. त्याची माय धुरपताबाई ग्यानोबा मालकाच्या अंगणात अशीच भारा घेऊन उभी होती, घरी धाकटी बहीण तापात होती आणि मालक शेंगा खात गोड गोड बोलत होता. मालकानं मूठभर शेंगा आनंदराजलाही दिल्या होत्या. त्यानं त्या खाल्ल्या होत्या. मायनं पुढं त्या दिवसाचं नाव कधी काढलं नाही, आणि त्यानंही नाही.

मजूर बाईचं काम पुनमकडे होतं. देगलूरच्या एका खाजगी शाळेत पोरांना गाणी-नाटकं शिकवणारी, तिशीतली, कामाला चोख. पहिल्यांदा भाऱ्याच्या आत थर्माकोल भरला होता. अमरेशला ते पटेना, मानेवर ताणच दिसत नाही म्हणाला. मग खरा भारा आणला. दोघांनी उचलून तिच्या चुंबळीवर ठेवला तेव्हा ती जराशी खचली, मग सावरली. आनंदराजजवळ येऊन म्हणाली, “सर, झेपेनासं झालं तर मी डाव्या हाताची बोटं पदरावर वाजवते. तुम्ही ‘ठेव’ म्हणा, मी खाली टाकते.”

“म्हणतो की,” तो म्हणाला.

सहा टेक झाले. कधी ढग आला, कधी मागून कुणाची मोटरसायकल गेली. सातव्याला मात्र त्याच्या अंगात काहीतरी आलं. शेंग फोडायची ती ढब, मान तिरकी करून बघणं, मधेच फोलपट फुंकणं, सगळं आपोआप व्हायला लागलं. समोर पुनमची मान थरथरली. तिची बोटं पदरावर वाजली. एकदा, मग पुन्हा. त्याला दिसलं. त्यानं पुढची शेंग उचलली आणि संहितेत नसलेलं वाक्य बोलला, “धाकटीचं नाव काय ठिवलंस म्हनं?”

सीन चालू होता, म्हणून तिनं उत्तर दिलं. अमरेशनं कट म्हटल्यावर सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. पुनम लिंबाच्या सावलीत तासभर पडून राहिली. तो पाणी घेऊन गेला तेव्हा म्हणाली, “मस्त झाला सर,” आणि तोंड फिरवलं. थकली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. सिनेमात तोच टेक लागला.

सिनेमा नांदेडला लागला तेव्हा त्यानं मायला गावाहून आणलं. दुपारचा खेळ होता. भाऱ्याचा सीन सुरू झाला तशी ती खुर्चीत पुढं सरकली आणि संपेपर्यंत तशीच राहिली. बाहेर आल्यावर दोघं रसवंतीत बसली.

“ग्यानोबा हुबेहूब केलास,” माय म्हणाली.

“राग आला का, माय?”

“राग कशाचा? मरून बारा वर्सं झाली त्याला.” तिनं ग्लास हातात फिरवला. “ती बाई कोन हाय?”

“पुनम. देगलूरची.”

“तिच्या डोक्यावर खरा भारा व्हता.”

“हाव.”

“मान गेली व्हती तिची. आन् बोटं वाजवून राहिली व्हती. तुला दिसलं न्हाई?”

अभिनय होता तो, असं म्हणता आलं असतं. मायनं कदाचित मानलंही असतं. पण तो म्हणाला, “दिसलं.”

मायनं अर्धा रस तसाच ठेवला. आठ दिवस लातूरला राहायचं म्हणून तिनं पिशवी भरून आणली होती. “मला हिमायतनगरच्या गाडीत बसवून दे,” म्हणाली.

त्यानंतर पुनमला फोन करायचा म्हणून त्यानं किती वेळा नंबर काढला. मेसेज लिहिला, पुसला. त्यातच नांदेडला एका मंडळानं दोघांचाही सत्कार ठेवला. हॉल भरला होता. निवेदकाला हुक्की आली, ‘तो सीन इथं करून दाखवा’ म्हणाला. कुणीतरी आधीच कडब्याची पेंढी आणून विंगेत ठेवली होती. शेंगांची परडीसुद्धा होती. पुनम उठली, पदर खोचला आणि पेंढीकडे गेली.

आनंदराजनं निवेदकाच्या हातून माइक घेतला. “हा सीन मी करणार नाही,” तो म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. ठरलेली खूण, वाजलेली बोटं, मुद्दाम विचारलेलं वाक्य. “तुम्ही ज्याचं कौतुक केलंत, ते मी हिला छळलेलं होतं.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोक उठून उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. पुनम पेंढीजवळ तशीच उभी होती.

नंतर पायऱ्यांवर त्यानं तिला गाठलं.

“तुम्ही हे मला सांगायला हवं होतं, सर. आधी.”

“चुकलं माझं.”

“त्या दिवशी मला विचारलं नाही, आज पण नाही.” ती शांतपणे बोलत होती, पण ओठ पांढरे पडले होते. “मी सगळे टेक थर्माकोलवाल्या भाऱ्यानं केले असते ना, तरी सातवा तसाच केला असता. ते मला येतं. आता लोक म्हणतील, बाईची मान खरंच दुखली, म्हणून भारी दिसलं. माझं काम होतं ते. तुम्ही तेही घेतलंत.”

ती रिक्षात बसून गेली.

मायला फोनवर त्यानं हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तिच्याकडं जा. एकटा जा. कोनाला सांगू नको.”

पुढच्या शनिवारी तो देगलूरला गेला. पुनम शाळेच्या व्हरांड्यात पोरांचा नाच बसवत होती. त्याला बघून थांबली नाही. पोरांना दोनदा करून दाखवलं, मग आली. दोन चहा मागवले.

“मान कशी आहे?”

“मणक्यात दाब आहे म्हणतात. वजन उचलायचं नाही.” तिनं चहाचा घोट घेतला. “एका सिनेमाचं विचारलं होतं. मजुरीणच. नाही म्हटलं.”

“मी अमरेशशी बोललो. डॉक्टरचं सगळं निर्मात्यानं बघावं म्हणून. ऐकत नाही तो. मी निर्मात्याला लिहून दिलंय, काय घडलं ते.”

“बघू,” ती म्हणाली. माफीचं तिनं काही काढलं नाही, आणि त्यालाही मागायचं धाडस झालं नाही.

आतून एक पोरगी ओरडली, “अक्का, गाणं लावू का?”

“लाव,” म्हणत पुनम उठली. डावा हात मानेवर दाबत ती पोरांमध्ये गेली आणि पहिल्यापासून ठेका मोजायला लागली.