पुढच्या दाराचं लायसन्स

इस्लविनकाका घरमालकाच्या परीक्षेत परत नापास झाले तेव्हा मी सामान बांधायला घेतलं. सामान म्हणजे काय, कपड्यांच्या पिशव्या आणि एक ड्रम.

आमच्याकडे वेल्समध्ये घर भाड्यानं द्यायचं तर लायसन्स लागतं, गाडी चालवायला लागतं तसंच. आधी शिकवणी, मग कॉम्प्युटरवर परीक्षा. काकांचं भाड्यानं द्यायचं एकच घर, वारलेल्या बहिणीचं. त्यात भाडेकरूही एकच. मी.

लायसन्स मिळालं नाही तर काका घर विकणार होते. आणि मला आईकडे जावं लागणार होतं. आईच्या नव्या नवऱ्यानं माझ्या खोलीत सरडे पाळलेत. काचेच्या पेट्या, वर सतत जळणारे दिवे. माणूस वाईट नाही तो. फोनवर म्हणाला, "ये की बिनधास्त. फक्त दिवे बंद करायचे नाहीत, आणि त्यांच्याकडे रोखून बघायचं नाही. ताण येतो त्यांना."

काका दर वेळी एकाच प्रश्नावर अडकायचे. भाडेकरूच्या घरात जायचंय, तुम्ही काय कराल? खाली उत्तरं दिलेली, त्यातलं एक निवडायचं.

"त्यात आपलं उत्तरच नाहीये!" काका माझ्या स्वयंपाकघरात माझाच चहा पीत ओरडले. "मागच्या दारानं आत यायचं आणि हाक मारायची, हे कुठेच लिहिलेलं नाही!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"वेळ संपेपर्यंत शोधत बसलो."

काकांचं तरी काय चुकलं? आमच्या गल्लीत पुढचं दार कोणी वापरतच नाही. मागच्या बोळातून यायचं, फाटक ढकलायचं, थेट स्वयंपाकघरात. पुढच्या दारानं शवपेटी बाहेर जाते. नाहीतर पाद्री आत येतो. माझ्या घराचं पुढचं दार काकांच्या बहिणीला नेलं तेव्हा उघडलं होतं, त्यानंतर नाही. फुगून चौकटीत घट्ट बसलंय.

मी काकांना घोकून घ्यायला लावलं. "म्हणा, एक दिवस आधी कळवीन. पुढचं दार वाजवीन. भाडेकरूनं उघडल्यावरच आत जाईन."

"पुढचं दार? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं काका. नियम आहे."

"विचित्र लोक आहेत."

पण पास झाले. आता फक्त घराची तपासणी उरली होती. कौन्सिलची बाई गुरुवारी येणार, मालक हजर पाहिजे. आणि काकांचं असं आहे, एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली. बुधवारी माझ्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून त्यांनी मला फोन लावला. "हॅलो, गेथिन? घरमालक बोलतोय. मी उद्या येतोय."

मी समोरून म्हणालो, "बरं."

"फोनवर बोल."

मी फोनवर बरं म्हणालो.

गुरुवारी काका आले ते सूट घालून. त्यांच्याकडे एकच सूट आहे. काळा. आले, आणि पुढचं दार वाजवलं.

मी आतून खेचलं. हललं नाही. पाय लावून खेचलं. दाराची मूठ उपटून हातात आली.

"काका, मागून या!"

"नाही! तू उघडल्याशिवाय मी आत येणार नाही!" आणि दोन्ही मुठींनी धाडधाड. "गेथिन! अरे गेथिन!"

खिडकीतून बघतो तर समोरच्या घराचे पडदे बंद झाले. मग शेजारचे. मग पूर्ण गल्लीचे. आमच्याकडे मयत झाली की पडदे ओढतात. आता त्यांना काय दिसत होतं बघा. काळ्या सुटातला इस्लविन, पुढच्या दारावर मुठी आपटत माझं नाव घेऊन ओरडतोय.

मी मागून पळालो. बोळ लांबलचक आहे, पार टोकापर्यंत जाऊन वळावं लागतं. पुढे पोचलो तोवर गर्दी झाली होती. पुरुषांच्या टोप्या हातात. आँटी नेस्टा फळांचा पाव घेऊन हजर, तिच्याकडे तो कायम तयारच असतो. मयतीच्या जेवणाला लागतो तो हॅमही तिनंच कापून आणला होता.

मी मागे उभा राहिलो. जरा ऐकावंसं वाटलं, खरं सांगतो.

"कसा गेला?"

"टायरच्या गोदामात होता ना. टायरच पडला असणार."

"शांत पोरगा होता हो."

"शांत? आणि तो ड्रम?"

"आता शांत."

मी म्हणालो, "आँटी, मी इथे आहे."

"हो रे बाळा, आपण सगळेच इथे आहोत," नेस्टा डोळे पुसत म्हणाली. मग वळली. माझ्याकडे बघितलं. भडकलीच. "तू जिवंत आहेस? आणि एवढ्या हॅमचं काय करू मी आता?"

तेवढ्यात कौन्सिलची बाई आली. मेलेरी नाव, हातात टॅब्लेट, पायात चिखलाचे बूट. तिनं गर्दी बघितली. "या घरात किती लोक राहतात? जास्त असतील तर लायसन्स वेगळं लागतं."

"एकच!" काका म्हणाले.

"मग हे सगळे?"

"आम्ही याच्यासाठी आलोय," नेस्टानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हा वारला म्हणून."

मेलेरीनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुम्ही भाडेकरू?"

"हो."

"काही तक्रार?"

"नाही."

तिनं ते टिपलं. मग म्हणाली, "हे दार उघडून दाखवा. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी. उघडलं नाही तर मला नाही म्हणावं लागेल."

काका पांढरे पडले. मला सरडे दिसायला लागले. रांगेत बसलेले, माझ्याकडे रोखून बघणारे.

तेव्हा प्रॉसर बंधू पुढे आले. चौघे. चॅपलमधून शवपेटी उचलायला हेच असतात. थोरला म्हणाला, "या गल्लीत आम्हाला न उघडलेलं दार नाही. पण खांद्यावर वजन पाहिजे. रिकाम्या खांद्यानं ताल जमत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणालो.

"सरडे," काका हळूच म्हणाले.

मागच्या दारानं आम्ही आत गेलो. त्यांनी मला इस्त्रीच्या फळीवर आडवं केलं आणि उचललं. छत एकदम नाकाशी. थोरल्यानं हळू आवाजात चाल धरली, चौघांची पावलं एक झाली, आणि पुढच्यानं न थांबता दाराच्या खालच्या कोपऱ्यात लाथ घातली. आमची दारं बाहेर उघडत नाहीत. हे उघडलं. चौकटीसकट.

मी पायांकडून उन्हात आलो. सवयीनं टोप्या परत उतरल्या. कोणीतरी भजनाची पहिली ओळ उचलली, आणि आमच्याकडे एकानं सुरू केलं की थांबत नाहीत. बायका-पुरुषांच्या उंच-खालच्या चारी आवाजांत पूर्ण झालं. मी फळीवर. मेलेरी कडवं संपेपर्यंत थांबली.

मग म्हणाली, "वाट मोकळी आहे. पण दार नाहीये."

"संध्याकाळपर्यंत बसवतो!" काका म्हणाले.

"बसवा. मी थांबते." नेस्टानं तिच्या हातात हॅमची बशी दिली, आणि ती खरंच थांबली. प्रॉसर बंधूंनी दार तासून परत बसवलं. मेलेरीनं एका बोटानं उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. पावाचा दुसरा तुकडा घेतला आणि हो म्हणाली.

लायसन्स आलं. पिशव्या मी सोडल्या. ड्रम वाजवतो, पण खिडकी लावून.

काका अजून येतात. गॅस बघायला, नळ बघायला. आदल्या दिवशी फोन, मग काळा सूट, मग पुढचं दार. समोरचे पडदे ओढले जातात.

"कोण गेलं?" मी आतून ओरडतो.

"कोणी नाही रे, नळ गळतोय म्हणालास ना!"

दार उघडतो. काका उभे असतात, आणि त्यांच्या मागे आँटी नेस्टा. पाव घेऊन, खात्री करायला.