पाठमोरे उड्डाण

“जावईबापू, इंधन किती आहे?”

“बाबा, बॅटरी आहे.”

“तीच किती भरलीये, विचारतोय.”

“पूर्ण. आता उडवता का? आल्यापासून नुसती प्रदक्षिणा चाललीये तुमची.”

हात पाठीमागे बांधून, कमरेत वाकून, कॅप्टनसाहेब गवतावर ठेवलेल्या त्या चिमुकल्या विमानाचे निरीक्षण करीत होते. त्यांनी चाके बोटाने फिरवून पाहिली, पंखांच्या कडा तपासल्या, शेपटीवरची धूळ फुंकरीने उडवली. शेकडो माणसांना घेऊन आकाश ओलांडणाऱ्या यंत्रापुढे आयुष्यभर त्यांनी हाच विधी केला होता. यंत्र लहान झाले म्हणून विधी आखूड करणे त्यांच्या वृत्तीत बसणारे नव्हते.

जावई दातांचे डॉक्टर. सुट्टीच्या सकाळी गावाबाहेरच्या मैदानात अशी विमाने उडवणे हा त्यांचा छंद, आणि त्या विमानांना ‘खेळणी’ म्हणणे हा सासऱ्यांचा. जेवणाच्या टेबलावर हा वाद नित्यनेमाने रंगत असे.

“उड्डाण बुडाखाली कळतं,” कॅप्टनसाहेब म्हणत. “विमान जरा कललं की आधी आसनाला समजतं, मग डोळ्यांना. तुम्ही जमिनीवर उभे! तुम्हाला काय कळणार?”

“म्हणून तर अवघड आहे, बाबा. आणि तुमचं पडलं असतं तर तुम्हीही पडला असता. माझं पडलं की मी फक्त डिंक आणतो.”

“जिवाला घोर नाही, ते उड्डाण कसलं?”

“बरं, एवढं ध्यानात ठेवा. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं.”

“मला डावं-उजवं शिकवू नका.”

तरीही आज ते खेळण्याला हात लावायला आले होते, आणि त्याचे कारण त्यांच्या मागे थोड्या अंतरावर घडीच्या खुर्चीत बसले होते.

कॅप्टनीणबाईंनी पतीच्या विमानात कधी पाऊल ठेवले नव्हते. लग्न होताच त्यांनी सांगून टाकले होते, “दोघंही वर गेलो तर खाली काळजी करायला कोण उरणार?” आणि ते काळजीचे काम त्यांनी शेवटपर्यंत निष्ठेने केले. प्रवाशांना कॅप्टनसाहेबांचा आवाज ऐकू येई आणि एक बंद दार दिसे. घरच्यांना तेवढेही नाही. निवृत्तीच्या समारंभात कोणीतरी बाईंना विचारले, “साहेब विमान कसं चालवायचे हो?” बाई म्हणाल्या, “घरी वेळेवर यायचे.” सारे सभागृह हसले. कॅप्टनसाहेबही हसले, पण ते वाक्य त्यांच्या मनात काट्यासारखे राहिले. आपण काय करीत आलो, ते हिने एकदा पाहावे, एवढीच आता त्यांची इच्छा होती.

त्यांनी रिमोटचा खोका गळ्यात अडकवला, घसा खाकरला आणि मागे न वळता घोषणा केली, “प्रवाशांनी कृपया पट्टे बांधावेत.”

“खुर्चीला पट्टा नाहीये,” मागून उत्तर आले.

“मग खुर्चीचे हात धरून बस.”

विमान गवतावरून धावले आणि अलगद वर उठले. जावयांनी नकळत मान डोलावली. वळण नाही, झोका नाही; हवेवर रेघ आखावी तसे ते दूर गेले.

“अगं, पाहतेस ना?”

“पाहतेय! तुम्ही माझ्याकडे कसले बघताय? पुढे बघा!”

कॅप्टनसाहेबांनी दूरवर डौलदार वळण घेतले आणि विमान परतीला लागले. त्याचा एक पंख किंचित झुकला. अनुभवी हातांनी तत्काळ दुरुस्ती केली. पंख आणखी झुकला. हातांनी आणखी दुरुस्ती केली. विमान कुशीवर वळले.

“बाबा, उलटं! उलटं!”

“काय उलटं?”

“सगळंच! द्या तो खोका इकडे!”

“कॅप्टन विमान सोडत नाही!”

“तुम्ही विमानात नाही आहात, बाबा!”

“अहो, मग बसा ना विमानात!” बाई खुर्चीतून कडाडल्या. “ते इकडे तोंड करून येतंय, तुम्हीही इकडे तोंड करा!”

आयुष्यात पत्नीचे ऐकायला इतका कमी वेळ कॅप्टनसाहेबांनी कधीच घेतला नव्हता. ते गर्रकन वळले. आता विमानाकडे पाठ, पत्नीकडे तोंड, आणि मान खांद्यावरून मागे मुरडलेली. डावे पुन्हा डावे झाले, उजवे उजवे. पंख सरळ झाले. पण विमान आता थेट खुर्चीच्या रोखाने उतरत होते, आणि जिथे कसलेच आसन नव्हते तिथे, बुडाखाली, कॅप्टनसाहेबांना तो जुना घोर स्पष्ट जाणवला.

त्यांनी विमान बोटभर वर उचलले. विमान त्यांच्या टोपीवरून गेले, बाईंच्या डोक्यावरून गेले आणि खुर्चीच्या बरेच मागे गवतात उतरून नाकावर कोलमडले.

बाईंचे दोन्ही पाय अधांतरी होते. हात खुर्चीला घट्ट चिकटलेले; डोळे मात्र सताड उघडे.

“उतरलं का?” त्यांनी पुढेच पाहत विचारले.

“उतरलं.”

“पूर्ण थांबलं?”

“पूर्ण थांबलं.”

तेव्हा कुठे त्यांनी पाय खाली टेकले.

“नाकावरचा पंखा मोडला, बाबा,” जावई गवतातून ओरडले. “बाकी शाबूत आहे!”

कॅप्टनसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली आणि खुर्चीच्या शेजारी ताठ उभे राहिले. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि त्यांच्यासमोर क्षणभर थांबल्या.

“असं करत होतात होय इतकी वर्षं?”

“साधारण असंच.”

“बरी काळजी करत होते मी,” त्या म्हणाल्या, आणि गाडीकडे चालू लागल्या.

मोडके विमान काखेत घेऊन जावई मागून आले. काही थट्टा करावी असे त्यांच्या ओठांवर आले होते. पण ती उभी मूर्ती पाहून त्यांनी नुसतीच मान लववली आणि ते पुढे गेले. शेवटचा प्रवासी गाडीपर्यंत पोचल्यावर कॅप्टनसाहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली, रिकाम्या खुर्चीखाली वाकून काही मागे राहिले नाही ना ते पाहिले, आणि तिची घडी घातली.